तिनं पाहिलं होतं

सिनेमा संपला की आमच्या घरातले पुरुष ‘बरा होता’ नाहीतर ‘बंडल होता’ एवढं म्हणून उठतात. बायकांचं तसं नसतं. आमचा सिनेमा पडदा काळा झाल्यावर सुरू होतो. तिनं एकटीनं तिथं जायला नको होतं, त्यानं आधीच खरं सांगायला हवं होतं, तो मिशीवाला मला पहिल्यापासूनच बरा वाटला नव्हता, असं करत करत चहाची दोन आधणं होतात. या बोलण्याला कुणी समीक्षा म्हणत नाही आणि ते कुठं छापूनही येत नाही. पण पडद्यावरच्या बाईबद्दल बोलता बोलता आपण घरातल्या, शेजारच्या, माहेरच्या, सासरच्या बायकांबद्दल काय काय बोलून जातो, ते कान देऊन ऐकलं तर पुष्कळ कळतं.

आमच्या भिशीत मागे आम्ही ‘एंजल्स फॉल’ नावाचा एक अमेरिकन सिनेमा बघितला, तेव्हा मी असं कान देऊन ऐकलं. सिनेमा काही फार मोठा नाही. तो थिएटरात लागावा म्हणून काढलेलाच नाही, टीव्हीसाठी काढलेला आहे. अमेरिकेत लाइफटाइम नावाची एक वाहिनी आहे, १९८४ साली सुरू झालेली, मुख्यतः बायकांनी बघावी अशा कार्यक्रमांची. या वाहिनीनं नोरा रॉबर्ट्स या लेखिकेच्या कादंबऱ्यांवरून २००७ साली चार सिनेमे केले आणि लागोपाठ चार सोमवारी दाखवले. त्यातला पहिला २९ जानेवारीला दाखवलेला ‘एंजल्स फॉल’. मग ‘मोंटाना स्काय’, ‘ब्लू स्मोक’ आणि ‘कॅरोलिना मून’. ते चालले असावेत, कारण २००९ मध्ये याच लेखिकेच्या आणखी चार कादंबऱ्या घेतल्या. सगळ्यांची जात साधारण एकच. एक बाई, तिच्यामागे एक जुनं दुखणं, एक नवं गाव, एक गुन्हा आणि एक पुरुष, जो चांगला आहे की वाईट ते तिलाही लवकर कळत नाही आणि आपल्यालाही. प्रेमकथा आणि रहस्यकथा एकाच पातेल्यात शिजवलेली.

आमच्या भिशीत आम्ही आठ जणी. टिळकवाडीतल्या चार, बाकीच्या अनगोळ आणि शहापूरच्या. भिशी दुपारी तीनलाच असते, कारण बऱ्याच जणींच्या घरी सूर्यास्ताच्या आत जेवणं व्हायची असतात, साडेपाचला प्रत्येकीला आपल्या ओट्याशी उभं राहायचं असतं. दीड तासाचा सिनेमा त्यात बरोबर बसतो. माझी मुलगी हैदराबादहून चार दिवस आली होती, तिनं तो लावून दिला. खाली इंग्रजीत अक्षरं येत होती, पण ती वाचेपर्यंत पुढचं वाक्य सुरू व्हायचं. म्हणून मधे मधे थांबवून ती मराठीत सांगायची. आमच्या सासूबाईही येऊन बसल्या. त्यांनी ऐंशी ओलांडली आहे. ऐकू कमी येतं, पण दिसतं स्वच्छ.

गोष्ट अशी. रीस गिल्मोर नावाची बाई बॉस्टनमध्ये मोठ्या हॉटेलात स्वयंपाक करणारी, आपल्या कामात नाव कमावलेली. एका रात्री त्या हॉटेलात गोळीबार होतो, तिच्या बरोबरीची माणसं मरतात आणि ती एकटी वाचते. त्या धक्क्यातून उठायला तिला डॉक्टरांची, औषधांची गरज लागते. मग ती गाडी घेऊन निघते आणि वाट फुटेल तिकडे जात राहते. वायोमिंगमधल्या डोंगराळ भागात एंजल्स फिस्ट नावाच्या लहानशा गावात गाडी बिघडते म्हणून थांबते आणि तिथल्या खाणावळीत स्वयंपाकीण म्हणून लागते. एक दिवस डोंगरात फिरायला गेली असताना दुर्बिणीतून तिला नदीच्या पलीकडच्या काठावर एक पुरुष एका बाईचा गळा दाबताना दिसतो. धावत येऊन ती सांगते. पोलीस जाऊन बघतात तर काहीच नाही. प्रेत नाही, पावलांच्या खुणा नाहीत, गावातली कुठली बाई हरवलेलीही नाही. आणि गावाला एव्हाना कळलेलं असतं की हिच्यावर डोक्याचे उपचार झालेले आहेत. पुढं तिच्या स्वतःच्या वस्तू ठेवलेल्या जागी सापडेनाशा होतात, आणि तिलाच वाटायला लागतं की आपलं डोकं फिरलंय. ब्रॉडी नावाचा एक लेखक तेवढा तिच्या बाजूनं उभा राहतो. खुनी कोण ते मी सांगत नाही. तुमच्यापैकी कुणाला बघायचा असेल.

आता मतं.

पहिलं मत पाटील वैनींचं. “एवढी बॉस्टनची मोठी स्वयंपाकीण, आणि खाणावळीत कांदा, मांस, अंडी, सगळं एकाच सुरीनं!” वैनींनी पुढचा अर्धा तास तिच्या हातातल्या सुरीवरच नजर ठेवली होती. पण जाता जाता त्या एक खरं बोलल्या. म्हणाल्या, “बाकी कुठं हिचे हात थरथरतात, पण चुलीपाशी थरथरत नाहीत बघा.” हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं. घाबरलेल्या बाईला आपलं काम हातात असेपर्यंत धीर असतो, हे वैनींना कुणी शिकवायची गरज नाही. त्यांच्या धाकट्या मुलाच्या आजारपणात त्यांनी दोन वर्षं लोकांच्या लग्नाच्या चकल्या केल्या होत्या.

दुसरं मत शाळेतून निवृत्त झालेल्या आमच्या बाईंचं. “प्रेम फार लवकर जमलं. दोनदा भेट, तिसऱ्यांदा मिठी.” ही तक्रार रास्त आहे. पण त्याला कारण आहे. टीव्हीचा सिनेमा दोन तासांच्या वेळात बसवायचा, त्यातला बराच वेळ जाहिरातींना द्यायचा, आणि दर जाहिरातीच्या आधी काहीतरी धक्का द्यायचा, म्हणजे माणूस चॅनल बदलत नाही. जाड कादंबरी त्या फटीतून आत ढकलताना पहिलं काय कापलं जातं? हळूहळू होणारी ओळख. खून कापता येत नाही, पाठलाग कापता येत नाही. एकमेकांबरोबर भांडी विसळताना दोन माणसांना जे कळतं तेच कापलं जातं. म्हणून या सिनेमांत प्रेम वळवाच्या पावसासारखं येतं.

तिसरं मत माझ्या धाकट्या जावेचं, आणि त्यावर सगळ्याच खूश झाल्या. रीसचं काम केलंय हेदर लॉकलियरनं. सिनेमा आला तेव्हा ती पंचेचाळीस वर्षांची होती. कादंबरीतली रीस तिच्यापेक्षा पुष्कळ लहान आहे, आणि नायक जोनाथन शेक हाही लॉकलियरपेक्षा आठेक वर्षांनी लहान. जाऊ म्हणाली, “पंचेचाळीसची बाई, आणि तिला कुणी काकू म्हणत नाही, कुणाची सासू होत नाही, प्रेमात पडते आणि गुन्हेगाराच्या मागं धावते. आपल्याकडच्या मालिकेत या वयाला फक्त कपाळावर आठ्या आणि कपाटाच्या किल्ल्या.” हसून हसून पुरेवाट झाली. पण हसताना दोघी-तिघींनी नकळत केसांवरून हात फिरवला, तोही मी पाहिला.

नोरा रॉबर्ट्सबद्दलही बोलणं निघालं. मुलीनं तिची हकिगत सांगितली. ही बाई मेरीलँडमधली, १९५० सालचा जन्म. १९७९ च्या फेब्रुवारीत तिकडं मोठं हिमवादळ झालं. दोन लहान मुलगे घरात कोंडलेले, शाळा बंद, घरातलं चॉकलेटही संपत आलेलं. तेव्हा वेड लागायची पाळी आली म्हणून तिनं वही काढली आणि गोष्ट लिहायला बसली. १९८१ साली पहिली कादंबरी छापून आली आणि आजपर्यंत दोनशेवर झाल्या. यावर शेजारच्या अक्का म्हणाल्या, “आमच्या बेळगावात महिना महिना पाऊस लागतोय की. आम्ही मिरचीची भजी तळली.” मला वाटतं, त्या वाक्यात थट्टा निम्मीच होती.

ही सगळी मतं चवीची झाली. सुरी, वय, प्रेमाची घाई. यात प्रत्येकीचं वेगळं असावं, त्यातच गंमत आहे. ज्यासाठी मी हे लिहायला बसले ते मत वेगळंच आहे, आणि ते एकीचं नव्हतं, जवळजवळ सगळ्यांचं होतं.

खुनाचा प्रसंग पडद्यावर येतो तेव्हा आपण तो रीसच्या दुर्बिणीतून बघतो. म्हणजे तिनं जे पाहिलं तेच आपणही पाहिलेलं असतं. बाई पडली, पुरुष तिच्या अंगावर वाकला, गळा दाबला. आमच्यातल्या दोघींनी तर तोंडावर पदर घेतला. त्यानंतर अर्धा तासही गेला नसेल. पोलिसांना काही सापडत नाही, रीस दचकते, झोपत नाही, आपली वस्तू कुठं ठेवली ते तिला आठवत नाही. आणि माझ्या दिवाणखान्यातली हवा बदलायला लागली. “जरा डोक्यावर परिणाम झालाच असेल की गे.” “औषध घेत होती म्हणे, त्यानं भास होतात.” “एवढं ओरडून सांगितलं तर कोण ऐकणार? शांतपणे सांगायचं.” “तिला स्वतःलाच खात्री नाही, मग लोकांनी काय करायचं?” आठांतल्या पाच जणी अशा बोलायला लागल्या. बाईसुद्धा.

तेव्हा माझ्या मुलीनं सिनेमा थांबवला आणि म्हणाली, “काकू, खून तुम्ही बघितलात ना?”

“बघितला.”

“मग?”

पाटील वैनी जरा थांबल्या आणि म्हणाल्या, “बघितला खरा. पण ती अशी वागायला लागली की आपलाच विश्वास उडतो.”

हे वाक्य मला सिनेमापेक्षा मोठं वाटलं. आपण डोळ्यांनी पाहिलेलं आहे. तरी सांगणारी बाई घाबरली, रडली, गोंधळली, की आपल्या डोळ्यांवरचाही आपला विश्वास उडतो. काय घडलं हा प्रश्न बाजूला पडतो आणि ही कशी वागते हा प्रश्न पुढं येतो. खून नदीकाठी राहतो आणि खटला बाईवर चालतो.

मुळात या प्रकारचे सिनेमे याच जागेवर उभे आहेत. आणि ती जागा टीव्हीपेक्षा जुनी आहे. १९३८ साली लंडनमध्ये पॅट्रिक हॅमिल्टनचं ‘गॅस लाइट’ हे नाटक आलं. त्यात नवरा बायकोला पद्धतशीर वेडी ठरवतो. वस्तू स्वतः लपवतो आणि तूच हरवल्यास म्हणतो. रोज रात्री तो गुपचूप माडीवर जाऊन दागिने शोधतो. त्यासाठी वर गॅसचा दिवा लावला की खालच्या खोलीतले दिवे मंद होतात. बायकोला ते दिसतं. तो म्हणतो, तुला भास होतो. १९४४ साली यावर हॉलीवुडमध्ये सिनेमा झाला आणि इनग्रिड बर्गमनला त्यासाठी ऑस्कर मिळालं. आज मुली ज्याला ‘गॅसलायटिंग’ म्हणतात तो शब्द इथून आलाय. मेरियम-वेबस्टर या अमेरिकन शब्दकोशानं २०२२ सालचा शब्द म्हणून तोच निवडला. म्हणजे ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांनीही त्या शब्दाचं काम संपलेलं नाही.

त्याच १९३८ सालचा हिचकॉकचा ‘द लेडी व्हॅनिशेस’. आगगाडीतून एक म्हातारी बाई नाहीशी होते. तिच्याबरोबर चहा प्यायलेली तरुण मुलगी सांगत राहते की बाई होती, आणि डब्यातले सगळे म्हणतात, नव्हतीच. या मुलीच्या डोक्याला गाडीत चढण्यापूर्वी मार लागलेला असतो. झालं, डॉक्टर म्हणतात हा त्याचाच परिणाम. शेवटी चहाच्या पुडक्यावरचा कागद उडून क्षणभर खिडकीच्या काचेला चिकटतो आणि एका तरुणाला तो दिसतो, तेव्हा कुठं तिचं बोलणं खरं धरलं जातं. एका बाईच्या शब्दाला चहाच्या कागदाचा जामीन लागतो.

आणि पुरुषानं पाहिलं तर? हिचकॉकचाच १९५४ चा ‘रिअर विंडो’ घ्या. पाय मोडून घरात बसलेला फोटोग्राफर कॅमेऱ्याच्या भिंगातून समोरच्या घरात बघतो आणि तिथं खून झालाय असं त्याला वाटतं. त्याच्यावरही शंका घेतात. पण ती शंका मुख्यतः पुराव्यावर असते. तुझ्याकडं काय आधार आहे, दुसरं काही कारण असेल, असं त्याचा पोलीस मित्र त्याला सांगतो. त्याची जुनी औषधं कुणी काढत नाही. आपल्या ‘वो कौन थी’मध्ये, १९६४ च्या, इस्टेटीसाठी मनोज कुमारला वेडा ठरवायचा डाव आहे. तो सिनेमा आमच्यातल्या सगळ्यांनी पाहिलेला. मी विचारलं, त्याला वेड लागलंय असं तुम्हांला कधी वाटलं होतं का? सगळ्या म्हणाल्या, छे! तो डॉक्टर होता की! साधनाबद्दल मात्र प्रत्येकीला शंका होती. ती भूत असेल, चेटकीण असेल, दुसऱ्या कुणाची असेल.

मला वाटतं, यात दोन शब्दांची गल्लत होते. एक मत आणि एक साक्ष. सिनेमा चांगला की वाईट हे मत. ते आठ जणींचं आठ प्रकारचं असू दे. पण नदीकाठी मी हे पाहिलं, हे मत नव्हे. ती साक्ष आहे. साक्ष खोटी निघू शकते, चुकीची निघू शकते, पण ती तपासायची असते. बाई बोलली की आपण तिची साक्ष मतासारखी घेतो. तुला तसं वाटतं, मला तसं वाटत नाही, विषय संपला. आणि पुन्हा बोलली तर तिचं वाटणंच बिघडलंय असं ठरवतो.

हे मला परक्या सिनेमानं शिकवलं नाही. मी आठ-नऊ वर्षांची असताना आमच्या मावशीच्या घरी, चिकोडीकडच्या एका खेड्यात, हे सगळं झालेलं आहे. काका अचानक गेले. मावशी तिशीच्या आतली, पदरात दोन मुली. वर्षभरात ती सांगायला लागली की माझ्या ट्रंकेतले कागद कुणीतरी हलवतं. किल्ली मी कोनाड्यात ठेवते आणि ती धान्याच्या कणगीपाशी सापडते. कुणाला खरं वाटेना. धक्का बसलाय, म्हणाले. रात्री झोपत नाही, दिवसा विसरते, म्हणाले. मायेनंच म्हणत होते सगळे. कुणी दृष्ट काढली, कुणी दंडाला दोरा बांधला. मावशी जितकी पटवून द्यायला जाई तितका तिचा आवाज चढे, आणि आवाज चढला की लोक एकमेकांकडं बघत. हे एकमेकांकडं बघणं मला अजून आठवतं. त्याला आवाज नसतो, पण घरातली लहान मुलंसुद्धा ते वाचतात.

त्यांच्या शेजारी प्राथमिक शाळेच्या एक टीचर राहायच्या, कन्नड बोलणाऱ्या. मराठी मोडकं. त्यांनी मावशीला ‘मला पटतंय’ असं म्हटलं नाही की ‘तुला भास होतो’ असंही म्हटलं नाही. त्यांनी विचारलं, किल्ली शेवटी कधी बघितलीस? किती वाजता? त्या दिवशी घरात कोण आलं होतं? मावशीला काही सांगता आलं, काही नाही. तेव्हा टीचरनी शाळेतली एक दुरेघी वही तिला दिली आणि म्हणाल्या, आठवायचं नाही, लिहायचं. मावशी चौथी शिकलेली. सात महिने तिनं त्या वहीत तारीख घालून लिहिलं. आज किल्ली इथं ठेवली. आज सकाळी इथं सापडली. आज अमके आले होते, जेवून गेले.

वाटणीच्या वेळी चार मोठी माणसं बसली तेव्हा मावशीनं काही न बोलता ती वही पुढं ठेवली. किल्ली हलल्याच्या तारखा आणि घरातल्या एका माणसाच्या तालुक्याहून येण्याच्या तारखा लागोपाठ जुळत होत्या. ते वाचून झाल्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही म्हणतात. मावशीला सगळं मिळालं असं नाही. विहिरीकडचं शेत गेलं ते गेलंच. पण ‘वेडी’ हा शब्द गेला. त्यानंतर तिच्या घरात तो शब्द कुणी तोंडातून काढला नाही, आणि दोन्ही मुलींची लग्नं तिनं मान वर करून केली.

म्हणून मला या सिनेमात नायकाचं प्रेम कितीही घाईचं वाटलं तरी त्याची एक गोष्ट पटली. रीसनं पाहिलं ते ब्रॉडीनं पाहिलेलं नाही. पण तिचा अवतार बघून तो निकाल देत नाही. ती काय सांगते ते खरं धरून पुढं चालतो, विचारतो, शोधतो. अगाथा ख्रिस्तीच्या १९५७ च्या ‘४.५० फ्रॉम पॅडिंग्टन’मध्ये मिस मार्पल हेच करते. तिची मैत्रीण शेजारून धावणाऱ्या आगगाडीत एका बाईचा गळा दाबताना बघते, आणि प्रेत सापडत नाही म्हणून सगळे तिला हसतात. मिस मार्पल साधा हिशेब करते. माझी ही मैत्रीण कल्पना लढवणारी नव्हे, तेव्हा तिनं पाहिलं असणार, आता प्रेत कुठं गेलं ते शोधू. विश्वास म्हणजे पाठीवर हात फिरवून ‘हो गं बाई’ म्हणणं नव्हे. विश्वास म्हणजे पुढचा प्रश्न विचारणं. टीचरना कन्नडमधून जमलं ते हेच.

आमच्या भिशीतल्या बायका निर्दय नाहीत. कुणाच्या घरी आजारपण आलं तर याच डबा घेऊन आधी पोचतात. मग दुर्बिणीतून स्वतः पाहिलेला खून त्यांनी अर्ध्या तासात का सोडून दिला? मला वाटतं, आपण सगळ्याच जणी लहानपणापासून एक परीक्षा देत आलोय. रडू नको, मग सांग. आवाज चढवू नको, मग ऐकू. आधी नीट सांग कधी, कुठं, कसं, आणि तेही सगळ्यांचं जेवण झाल्यावर. ही परीक्षा आपण पास झालो, म्हणून दुसरीनंही ती पास व्हावी असं वाटतं. नापास झालेल्या बाईचा राग येतो, कारण ती आपल्यालाही आपले दिवस आठवायला लावते. टीव्हीवाल्यांना हे पक्कं ठाऊक आहे. प्रत्येक जाहिरातीच्या आधी ते तिच्यावरचा आपला विश्वास थोडा थोडा कमी करतात आणि शेवटच्या दहा मिनिटांत परत देतात. घरातल्या बाईला अशी शेवटची दहा मिनिटं मिळतातच असं नाही.

सासूबाईंचं मत सांगायचं राहिलं. त्यांना वाक्यं ऐकू आली नाहीत, अक्षरं वाचता आली नाहीत, मधलं मराठीही अर्धवटच कानावर पडलं. त्यामुळे रीसची जुनी औषधं, डॉक्टर, गावातली कुजबुज यातलं काहीच त्यांच्यापर्यंत पोचलं नव्हतं. फक्त चित्र दिसत होतं. शेवटपर्यंत त्यांच्या मनात एकदाही शंका आली नाही. मी विचारलं, “आत्याबाई, ती खरं सांगत होती असं तुम्हांला कशावरून वाटलं?” त्या म्हणाल्या, “कशावरून काय? बघितलं की मी. त्यानं गळा दाबलान् तिचा.” आणि जरा थांबून म्हणाल्या, “त्या पोरीला सगळी बोलायलीत. एकजण तरी त्या मेलेल्या बाईचं नाव इचारतंय का गे?”

खरंच, दीड तास आम्ही रीसबद्दल बोललो. ती शहाणी का वेडी, तरुण का प्रौढ, सुरी कशी धरते. नदीकाठी जी मेली ती कोण, कुणाची, तिच्या घरी कुणी वाट बघत असेल का, हे आठ शिकलेल्या बायकांपैकी एकीनंही विचारलं नव्हतं. सांगणाऱ्या बाईवर संशय घेतला की एवढं होतं. एक बाई खोटी ठरते आणि दुसरी मुळी नव्हतीच असं होऊन जातं.

सिनेमा म्हणून याला मी दहात सहा गुण देईन. डोंगर सुंदर आहेत, प्रेम घाईचं आहे, खुनी ओळखता येतो. पण मैत्रिणींनो, हा किंवा या जातीचा कुठलाही सिनेमा तुम्ही कधी चार जणींत बसून बघितलात, तर एवढं करा. घड्याळ जवळ ठेवा. पडद्यावरची बाई सांगायला लागली की कितव्या मिनिटाला ‘पण ती जरा...’ हे शब्द खोलीत उमटतात ते बघा. आणि सिनेमा संपल्यावर खुनी कुणी आधी ओळखला हे विचारण्याऐवजी एकमेकींना तेवढं मिनिट विचारा.